नाताळच्या स्टुलाची आणि बाकी सामानाची वाटणी

आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असेल. काही ठिकाणी न आणि ण यांनी आपापसात जागा बदलल्या असतील. मोबाईलवर एका बोटाने टाईप करतेय, कारण दुसऱ्या बोटात स्टेपल गनची पिन गेली. हे लिहायला मला चार दिवस लागले, तुम्ही दहा मिनिटांत वाचाल. हसायचं असेल तर वाचून झाल्यावर हसा, मधे नको.

तर. मी, वय अठरा पूर्ण आणि वर दोन महिने, शिक्षण नववी अर्धी, काम जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवणे, घरात 'गव्हाणकर' म्हणून ओळखली जाणारी (का ते कलम पाचमध्ये येईल), असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, माझा हात धरून हे कोणी लिहून घेतलेलं नाही, आणि घशाच्या गोळ्या सोडून मी काही घेतलेलं नाही.

कारण असं की परवा माझे टॉन्सिल काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "वीस मिनिटांचं काम, घाबरायचं काय त्यात?" आणि लगेच त्यांनीच एक फॉर्म पुढे केला, की काही बरंवाईट झाल्यास आमची जबाबदारी नाही, सही करा. मी तो तीनदा वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं मी विसरत नाही. वीस मिनिटांच्या कामात बरंवाईट येत असेल तर आपलंही लिहून ठेवलेलं बरं.

आमच्या दुकानाच्या वर एका वकिलांचे कारकून बसतात. ते म्हणाले, अठरा पूर्ण असतील तर करता येतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. सहावीत वहीच्या मागच्या पानावर 'माझे रंग कोणी घेऊ नये' असं लिहिलं होतं, ते रद्द समजावं.

माझ्याकडे घर नाही, जमीन नाही. जे आहे ते बहुतेक नाताळचंच. आमच्या घरात वस्तू नाताळला मिळतात आणि रुसवेही.

कलम एक. हत्यारं. माझ्या वाकड्या सुया, दोरा, आणि चुंबकाची हातोडी मिस्त्रींना द्यायची होती. मिस्त्री म्हणजे दुकानाचे मालक, त्यांनीच मला काम शिकवलं. पण ते साक्षीदार आहेत, म्हणून हत्यारं दुकानाला. मिस्त्री म्हणाले, "दुकान म्हणजे मीच की गं." मी म्हटलं, वर कारकुनांना ऐकू जाईल, हळू बोला.

कलम दोन. झाडावरचे दिवे. पांढऱ्या दिव्यांची माळ माझी आहे, मी माझ्या पगारातून आणली. ती आईला. अट एकच, ती नुसती पेटलेली राहील. लुकलुकणारे दिवे मला चालत नाहीत. सारखं डोळे मिचकावणाऱ्या माणसासमोर जेवायला बसल्यासारखं वाटतं. काकांना लुकलुक आवडते, त्यांनी त्यांच्या घरी लावावी.

कलम तीन. भेटवस्तूंचे कागद. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमची मोठी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, नाताळची सगळी सूत्रं तिच्या हातात. तिच्या नियमाप्रमाणे भेटीचा कागद फाडायचा नाही. नखाने चिकटपट्टी सोडवायची, कागद तिच्याकडे द्यायचा, ती त्याला इस्त्री करते आणि पुढच्या वर्षी वापरते. एक लाल कागद आहे, घंटांचा. तो माझ्या आठवणीतल्या प्रत्येक नाताळला आलाय. दरवर्षी चिकटपट्टीपुरता कापला जाऊन लहान होतो. आधी त्यात रेडिओ मावायचा, मागच्या वर्षी त्यातून साबण आला. तो कागद सध्या माझ्याकडे आहे, मी परत केलेला नाही. तो बटणला, आणि तिने तो फाडावा. टराटरा, सगळ्यांसमोर.

बटण म्हणजे काकांची मुलगी, वय सात. लहानपणी तिने शर्टाचं बटण गिळलं होतं.

कलम चार. उंट. नाताळच्या देखाव्यात बाळ आहे, आईवडील आहेत, मेंढ्या आहेत, त्यातली एक तीन पायांची. उंट कधीच हरवला. त्याच्या जागी काकांनी बुद्धिबळातला उंट ठेवला. बटणने विचारलं, "याचं तोंड कुठेय?"

आत्या म्हणाली, "उंट म्हणजे उंट. प्रश्न नकोत."

"मग हा तिरका चालत आला का?"

मी खुर्चीच्या उरलेल्या लेदरचा उंट शिवलाय, आत काथ्या भरलाय, तोंड आहे, मदारही आहे. तो देखाव्याला. बुद्धिबळातल्याने आता घरी जावं.

कलम पाच. स्टूल आणि शब्द.

हे कलम मोठं आहे, पाणी पिऊन घ्या.

नाताळच्या दिवशी दुपारी जेवायच्या आधी आमच्याकडे घरातल्या सगळ्यात लहान, वाचता येणाऱ्या मुलाने स्टुलावर उभं राहून बाळाच्या जन्माची गोष्ट वाचायची असते. मी आठ वर्षांची असताना उभी राहिले. अंगात टोचरा फ्रॉक होता. सगळं नीट चाललं होतं. मग 'गव्हाणीत' आलं. बाळाला गव्हाणीत ठेवलं, म्हणजे गुरांना चारा घालतात त्यात. जोडाक्षर दिसलं की मी उडी मारते, आजही. तो व्ह मला दिसलाच नाही. आणि ग चा घ कसा झाला ते देवालाच माहीत. मी खणखणीत आवाजात वाचलं की बाळाला कापडात गुंडाळून घाणीत ठेवलं.

काका सोफ्यावरून खाली आले. आत्याच्या डोळ्यांतून पाणी. बाबा तेव्हाही परगावी कामाला होते, ते फोनवरून हसले. मला आधी कळेना, मग कळलं.

इथपर्यंत ठीक होतं. मीही हसले असते. पण पुढच्या वर्षी घरात माझ्यापेक्षा लहान वाचणारं कोणी नव्हतं, परत मीच. सगळे त्या शब्दाची वाट बघत बसलेले, काकांनी मोबाईल धरलेला. मी बरोबर वाचलं तर सगळे "अरेरे" म्हणाले. म्हणून तिसऱ्या वर्षापासून मी मुद्दामच घाणीत वाचू लागले, म्हणजे लवकर संपेल. अशी दहा वर्षं. "या, गव्हाणकर मॅडम, आज बाळाला कुठे ठेवताय?" आई तेव्हा नेमकी स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जाते. दहाही वर्षं नेमकी.

नववीत मराठीच्या बाईंनी वाचायला उभं केलं. धडा एका पुलाबद्दल होता. त्यात गव्हाण नव्हती, घाण नव्हती. तरी मी ती यायची वाट बघत राहिले. ती आली नाही, आणि माझा आवाजही आला नाही. सहामाहीनंतर मी शाळेत गेले नाही. मिस्त्रींकडे मोठ्याने काही वाचावं लागत नाही. खुर्ची कुठे दुखतेय ते हात लावून कळतं.

कलम सहा. आता मुद्दा. ऑपरेशननंतर दहा दिवस मला बोलायला मनाई आहे. म्हणजे यंदा मी नाही. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना थँक्यू म्हटलं, त्यांना वाटलं फॉर्मबद्दल. पण घरी आत्या म्हणाली, "काही बिघडत नाही, बटणला येतं आता वाचायला."

बटण रविवारी माझ्याशेजारी बसून वाचते. तिला भ चा म दिसतो. परवा 'माझा भाऊ शाळेत जातो' याचं तिने 'माझा माऊ शाळेत जातो' केलं आणि स्वतःवरच खूश झाली, मांजराला दप्तर कसलं घेऊ या म्हणाली. मग परत नीट बघून बरोबर वाचलं. ती अजून मोठ्याने वाचते. चुकलं तर थांबून परत वाचते. चुकणं म्हणजे घरचा कार्यक्रम असतो, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ते तिला कोणी सांगू नये. एवढ्यासाठीच हा सगळा कागद आहे. हातोडी आणि दिव्यांचं काय, कोणालाही द्या.

कलम सात. स्टूल. ते माझं आहे. गेल्या वर्षी त्याची बैठक फाटली, तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ने ते दुकानात, तुझंच समज." मी समजले. मी ते नेलं, नवा फोम घातला, हिरवं कापड लावलं, आणि करवतीने चारही पाय कापून चार बोटांचे ठेवले. आता ते पाय टेकायला छान आहे. त्यावर उभं राहिलं तर माणूस होता तेवढाच दिसतो. हे स्टूल मी कोणालाही देत नाही. ते आईच्या खुर्चीसमोर राहील, आणि वाचन चालू असताना आईने त्यावर पाय ठेवून तिथेच बसावं, स्वयंपाकघरात जाऊ नये.

कलम आठ. काकांनी मोबाईलमधले माझे नऊ व्हिडिओ पुसावेत. त्याबदल्यात त्यांनी दरवर्षी मला दिलेल्या सगळ्या डायऱ्या त्यांना परत. कोऱ्या आहेत.

कलम नऊ. केकमधले बेदाणे मी दरवर्षी बशीच्या काठाला लावून ठेवते आणि बटण ते खाते. तो हक्क तिच्याकडे कायम राहील. बशी कोणाचीही असो.

कलम दहा. आत्याला काही नाही. राग म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. तिची सही असली की नंतर 'मला कुठे माहीत होतं' म्हणता येणार नाही.

कलम अकरा. हे आज दुकानात बसून लिहितेय. आत्या म्हणतेय काढ, मिस्त्री म्हणताहेत राहू दे. राहतंय.

आत्या सहीला आली. मिस्त्री तोंडात खिळे धरून एका खुर्चीची पाठ ठोकत होते. आत्याने पर्स काखेत धरून, उभ्यानेच माझ्या मोबाईलवर सगळं वाचलं. पहिलं काय म्हणाली? "मला एक खिळासुद्धा नाही?"

"तू साक्षीदार आहेस आत्या."

"कोणाला विचारून?" मग परत मोबाईलमध्ये बघितलं. "आणि हे काय? बटणच्या चुकांना हसायचं नाही? अगं, प्रेमाने हसतो आम्ही. त्याने पोर धीट होतं."

"मी झाले का?"

हे मी म्हटलं. कसं आलं माहीत नाही, टॉन्सिलच्या बाजूने वाट काढून आलं असेल. मिस्त्रींची हातोडी थांबली.

"दोन ओळी तर आहेत," आत्या म्हणाली, पण जरा हळू. "त्यात अवघड काय? मला तर पाठ आहे. बघ." आणि ती ताठ उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, "तिने बाळाला कापडात गुंडाळलं आणि घाणीत ठेवलं."

दुकानात एक गृहस्थ आपल्या खुर्चीची वाट बघत बसले होते. त्यांना आत्या कोण हेही माहीत नव्हतं. ते आधी हसले. मिस्त्रींनी घाईघाईने तोंडातले खिळे हातात काढले, गिळायला नकोत म्हणून, आणि मग ते हसले.

"नाही हो, मला म्हणायचं होतं घाणी... ग... थांबा," आत्या म्हणाली. ते गृहस्थ रुमाल शोधू लागले. आत्याचे कान लाल झाले. असे लाल झालेले कान आतून कसे वाटतात ते मला माहीत आहे.

मी हसले नाही. कायद्याचा कागद आहे म्हणून हे नोंदवून ठेवते. हसू येत नव्हतं असं नाही.

मी तिला पाणी दिलं. ती जे खाली दिसलं त्यावर बसली, ते नेमकं स्टूल. गुडघे हनुवटीला लागले.

"दहा वर्षं?" तिने विचारलं.

"दहा."

"मग बोलायचं ना, बये."

"आवाज येत नव्हता."

तिने ग्लास संपवला. आत्याने माफी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. "हे कलम पाच जरा जास्तच मोठं झालंय," म्हणाली. मग मी तोवरची दहा कलमं कारकुनांकडून छापून आणली, तर तिने सहीच्या वर तिच्या तिरक्या अक्षरात स्वतः लिहिलं ते असं: यंदा मी वाचीन. बसून. मग एकेक ओळ सगळे वाचतील, बटणला वाटलं तर तीही. हसायचं असेल त्यांनी मला हसावं. कागदांना इस्त्री मात्र होणारच.

लाल कागदाचं तिला अजून सांगितलेलं नाही. तिने कलम तीन वाचलं असेल तर ती ते दाखवत नाहीये.

हे सगळं मी राजीखुशीने लिहिलं आहे. ऑपरेशननंतर मी नीट उठले, तर मृत्युपत्र बाजूला ठेवावं, पण कलम सहा, सात आणि आठ लगेच लागू धरावीत. जिवंत माणसाचंही कधी ऐकायला हरकत नाही.

सही: मी, गव्हाणकर (यापुढे या नावाने फक्त बटणने हाक मारावी, तिला ते खरं आडनाव वाटतं)

साक्षीदार एक: मिस्त्री, सोफे आणि खुर्च्यांचे. सहीवर गोंदाचा डाग आहे, तो त्यांचाच.

साक्षीदार दोन: मोठी आत्या. कलम अकरा मान्य नाही, तरी सही केली.

ठिकाण: सोफ्याचं दुकान, मागची बाजू, फोमच्या गठ्ठ्यावर.
तारीख: सतरा डिसेंबर, दुपारचे पावणेचार.

ता. क. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात घोडा शिरलाय. खरंच. अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर उभा आहे आणि घोडा आत आरशात बघतोय. मी चालले.