झाडावर आदळलेला चेंडू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, व्यवसाय गोल्फ शिकवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात राहत्या घराचा अर्धा हिस्सा माझे वडीलबंधू, म्हणजे दादा, यांना दिला होता. तो का काढून घेतला, ते कलम चारमध्ये आहे.

१. राहतं घर आणि मागचं सरावाचं मैदान, जाळीसकट, दादाची मुलगी म्हणजे माझी भाची, हिला द्यावं.

२. बँकेतली शिल्लक स्वयंपाकाच्या बाईंना. नातेवाइकांनी नाकं मुरडू नयेत. माझ्या दुखण्यात उशाशी त्या होत्या, तुम्ही फोनवर होता.

३. क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, वाकवायचा शिकंजा आणि बाकी हत्यारं माझे क्लब दुरुस्त करणाऱ्याला. माझा मोठा पाना त्याने कधीच लंपास केला आहे, तोही त्याने ठेवून घ्यावा.

४. आता दादा. मी सव्वीस वर्षांची असताना राष्ट्रीय संघाच्या निवडीचा सामना होता. शेवटच्या होलला चेंडू आणि झेंडा यांच्या मध्ये झाड आलं. मला शिकवणारा दादाच, बॅगही त्यानेच धरलेली. मी म्हटलं, "एक फटका गेला तर जाऊ दे, चेंडू बाजूला काढून घेते." तो म्हणाला, "घाबरतेस कशाला? क्लबचं तोंड झेंड्याकडे ठेव आणि स्विंग झाडाच्या उजवीकडे ने. चेंडू स्विंगच्या वाटेने निघेल, मग तोंडाकडे वळेल." मी तंतोतंत तसंच केलं: तोंड, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, झेंड्याकडे आणि स्विंग उजवीकडे. चेंडू थेट बुंध्यावर आदळला आणि माझी निवड गेली.

संध्याकाळी घरी दादाने सगळ्यांना सांगितलं, "ऐन वेळी हिचे हातपाय गळाले." पुढे मी कुठेही हरले की तेच ऐकावं लागलं. आई जाईपर्यंत तिचाही तोच समज होता. बरीच वर्षं मलासुद्धा ते खरं वाटायचं.

मग शिकवता शिकवता उलगडा झाला. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे. वळतो तो तोंड आणि स्विंगची वाट यांच्यात तफावत असेल त्या मानाने. म्हणजे तोंडच झाडाच्या उजवीकडे हवं होतं आणि स्विंग त्याहूनही उजवीकडे. दादाच्या सांगण्याने तो चेंडू झाडावरच जाणार होता. माझ्या हातापायांना काहीही झालं नव्हतं.

तरी मी राग गिळला. तेव्हा सगळेच तसं शिकवायचे, त्याला तरी काय ठाऊक, अशी मनाची समजूत घातली आणि अर्धं घर त्याच्या नावे केलं.

गेल्या महिन्यात भाची सरावाला आली. तिला हा फटका समजावायला लागले तर म्हणाली, "अगं आत्या, हे येतं मला. बाबांनी शाळेत असतानाच शिकवलंय. तोंड झाडाच्या बाहेर, स्विंग त्याच्याही बाहेर."

मी विचारलं, "आणि माझ्या त्या सामन्याबद्दल काय सांगतात बाबा?"

ती ओशाळली. "तू घाबरलीस, असं."

"अजूनही?"

"परवाच सांगत होते, पाहुण्यांना."

म्हणजे दादाला माहीत आहे. चांगली दहा-बारा वर्षं माहीत आहे. लेकीला बरोबर शिकवलं आणि बहिणीला भित्रीच ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती मला शांत करायची नाही.

५. सबब, दादाला माझ्या मालमत्तेतलं काहीही देऊ नये. मी गेल्यावर हा कागद त्याच्या आणि भाचीच्या समोर मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर भाचीने त्याला एकदाच विचारावं, हे खरं आहे का. हो म्हणाला म्हणून त्याला काही मिळणार नाही, नाही म्हणाला म्हणून काही जाणार नाही. मला आयुष्यभर तेवढंच उत्तर हवं होतं, आणि तो देईल तेव्हा ऐकायला मी नसेन.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: ९ नोव्हेंबर

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्या देखत वाचून सही केली:
साक्षीदार १: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
साक्षीदार २: मैदानाचे माळी (अंगठा)