तलंग नको

२ नोव्हेंबर
निवृत्त होऊन तीन महिने झाले. वजनमापं खात्यात उभी हयात गेली. दुसऱ्यांचे तराजू तपासून झाले, आता स्वतःचं काहीतरी. निर्णय पक्का: कोंबड्या. पण साध्यासुध्या नाहीत. जुन्या, पिढीजात वाणाच्या, दुहेरी कामाच्या. म्हणजे अंडीही देतात आणि अंगानेही भरतात. एकाच पगारात दोन टेबलं सांभाळणाऱ्या कारकुनासारख्या. पुस्तिका आणली, अर्धी वाचली. उरलेली अर्धी आजारांवर आहे. आपल्याकडे आजार होणार नाहीत.

४ नोव्हेंबर
बायकोला सांगितलं. जागा: मागची खोली. तिने आठवण करून दिली की निवृत्तीनंतर ती खोली तिच्या शिलाई मशीनला द्यायचं ठरलं होतं. ठरलं असेल. सध्या ती स्वयंपाकघरात शिवते आणि जेवायच्या वेळी दर वेळेला मशीन सरकवते. तेवढाच व्यायाम. मी म्हटलं, एका खोलीचं एवढं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, एवढं काही नसेल तर अहो, तुम्हीच सोडा.
शेवटी तह: तीस मार्चपर्यंत पहिलं अंडं मिळालं तर खोली कोंबड्यांची, नाही तर तिची. तिने कॅलेंडरवर लाल गोल केला. बिचारी.

८ नोव्हेंबर
जातीची निवड. पांढरी: अंडी भरपूर, अंगात काही नाही. काळी: अंग आहे, अंड्यांच्या नावाने ठणठणाट. तांबडी: दोन्हीकडे बरी. तांबडीच. मेहुणा म्हणाला, भाऊजी, दोन्हीकडे बरी म्हणजे दोन्हीकडे बेताची. त्याला मोठा विचार झेपत नाही. लहानपणापासून तसाच आहे, असं त्याची बहीणही म्हणते.

१२ नोव्हेंबर
खरेदी झाली. विकणारी बाई तोंडाची फटकळ. तिने विचारलं, तलंगा देऊ का? शब्द नवीन होता. पण खरेदी करताना आपल्याला काही कळलं नाही हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. तलंग म्हणजे लंगडीचाच काहीतरी प्रकार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. स्पष्ट बजावलं, तलंग नको, धडधाकट दाखवा. एकसुद्धा नको? तिने पुन्हा विचारलं. खपवायच्या असणार. मी म्हटलं, एकसुद्धा नको, बाई. आयुष्यभर लोकांची लबाडी पकडली आहे मी.
नऊ नग स्वतः निवडले. मोठ्या तुऱ्याचे, ताठ मानेचे, जाड पायांचे.
घरी बायकोने पाटीत डोकावून बघितलं आणि विचारलं, तलंगा किती आणल्यात? म्हणजे तिलाही ती फसवणूक ठाऊक होती तर. अभिमानाने सांगितलं, एकही नाही. ती हसली. किती दिवसांनी हसली. माझं यश तिला गोड वाटलं.

२० नोव्हेंबर
बायको पार बदलली. कोंबड्यांना उजेड लागतो, खिडकी मोठी करा, म्हणाली. केली. भिंतींना चुना द्या, म्हणाली. दिला. अंडी घालायला भिंतीला खण ठोकले. ती म्हणाली, अजून खोल करा, आणि पॉलिश पेपर मारा, धागा अडकायला नको. मी विचारलं, धागा? ती म्हणाली, पिसं हो.
मनातून तीही आता कोंबडीवाली झाली आहे.

११ डिसेंबर
वजनं घेतली. सर्वांत मोठी दीड किलोच्या वर. तिचं नाव साहेब. आमच्या मोठ्या साहेबांसारखीच छाती काढून चालते आणि काम करताना दिसत नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून खोली झाडणे.

१३ डिसेंबर
झाडणं तूर्त आठवड्यातून एकदा. जुन्या वाणाला फार स्वच्छता मानवत नसावी.

२८ डिसेंबर
हिवाळ्यात दिवा हवा, म्हणून वायरमन बोलावला. प्लग किती उंचीवर, त्याने विचारलं. बायको म्हणाली, टेबलाच्या उंचीवर. त्याने विचारलं, कोंबड्या टेबलावर बसतात का? ती म्हणाली, या बसतील.
किती बारीक विचार करते.

१५ जानेवारी, पहाट
साहेब आरवली.
पुस्तिकेत याबद्दल काही नाही, पण कारण उघड आहे. जुना वाण. त्या काळच्या माद्या ठणठणीत होत्या. घड्याळं नव्हती, कुणीतरी आरवायला हवंच होतं.

१९ जानेवारी
आता पाच जणी आरवतात. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून पहाटे येतात. आल्या त्या थेट माझ्या दारात. म्हणाल्या, काका, मी वॉर्डात माणसं झोपवून येते आणि तुम्ही मला उठवता. मी म्हटलं, अंडी सुरू झाली की पहिलं डझन तुम्हाला. त्या म्हणाल्या, या घालतील त्या अंड्याचं मी काय वाटेल ते देईन. हसल्या का, कळलं नाही. खिडकीवर रोज घोंगडी टाकायचं ठरवलं. बायको म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हण बरोबर आहे, पण कोंबडं म्हणायचं काय कारण?

६ फेब्रुवारी
मारामाऱ्या. अंडी घालायच्या खणांवरून असणार. साहेबने माझ्याही पोटरीला चोच मारली. मातृत्वाआधीची चिडचिड.
मेहुणा आला. खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, भाऊजी, एवढ्या कोंबड्यांत मला कोंबडी कुठे दिसत नाही. बायकोने त्याला घाईने चहाला आत नेलं आणि दार लावून घेतलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. बहीणभावांचं प्रेम.
त्याला पहिलं अंडं द्यायचं नाही.

१ मार्च
अंडं नाही. तरी हार कसली? दुहेरी काम याचसाठी. अंड्यांचं जमेना तर मटणाचं बघू. साहेबला पिशवीत घालून खाटकाकडे नेलं. वाटेत तिने पिशवीतून मान काढली आणि सगळा रस्ता माझ्याकडे बघत राहिली. दुकानात तिला काट्यावर ठेवलं. काटा किंचित खोटा निघाला. खोट्या काट्यावर माझी कोंबडी कापली जाणार नाही, असं खडसावून परत आलो. तत्त्वाचा प्रश्न होता. खाटीक म्हणाला, काका, काटा बरोबर आहे, तुमचा हात पिशवीखाली आहे.
परतताना साहेबसाठी मका घेतला.

२४ मार्च
अंडं नाही. खण वाकडे आहेत का, ओळंबा लावून पाहिला. सरळ आहेत. फार सुंदर झाले आहेत.

२९ मार्च
त्या फटकळ बाईकडे जाब विचारायला गेलो. खात्याच्या आवाजात सुनावलं, तुमचा माल दोषी आहे, इतके महिने झाले, एक अंडं नाही. ती म्हणाली, काका, तुम्हीच म्हणालात ना, तलंग नको? मी म्हटलं, अर्थात, लंगडा माल कोण घेईल? मग ती शेजारच्या खुराड्यावर बसलीच. हसून झाल्यावर तिने सांगितलं. तलंग म्हणजे वयात आलेली, अजून अंडं न घातलेली कोंबडी. एकही तलंग नको म्हटल्यावर उरले ते कोंबडे. नऊच्या नऊ.
गोंधळात टाकणारे शब्द वापरायला बंदी हवी.

३० मार्च
बायकोला सांगितलं, आपण फसलो. ती म्हणाली, आपण नाही, तुम्ही. मला पाटीत बघितलं तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, निवृत्तीनंतर खोली देतो म्हणालात, त्याची मी किती वर्षं वाट बघितली, तेव्हा तुम्ही बोललात का? आणि गप्प बसले म्हणून तर खिडकी मोठी झाली.
मी कॅलेंडरवरचा लाल गोल पुन्हा तपासला. तारीख बरोबर होती.
दुपारी मेहुण्याने आणि मी कोंबडे अंगणात काढले, मागची खोली धुतली आणि मशीन तिथे नेलं. टेबल प्लगशी बरोबर बसलं. खणांत रिळं, कापडं, काजांच्या पट्ट्या. धागा कुठेही अडकत नाही.

२ एप्रिल
बाईने कोंबडे परत घेतले, बदल्यात एक तलंग दिली. साहेबला ती पैदाशीला ठेवणार आहे. म्हणाली, वाणाला असाच रुबाबदार कोंबडा लागतो. म्हणजे माझी निवड चूक नव्हती. बाकीच्या आठांचं काय, ते विचारलं नाही. निघताना साहेबने माझ्याकडे पाहिलं नाही.
नर्सबाई म्हणे सलग आठ तास झोपल्या.

१९ एप्रिल
मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत अंडं. वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम, माझ्या काट्यावर. बायकोने आम्लेट केलं आणि मशीनपाशी बसूनच खाल्लं. अर्धं विचारेल असं वाटलं होतं. म्हणाली, चांगलं होतं.
मग माझ्या हातात बटणांचा डबा दिला. शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत. पहिल्या शर्टाला पाचही बटणं लावली. एकदम घट्ट. सगळी काजांच्या बाजूला लागली.
शर्ट मुळातच दोषी असावा.