राखणदाराचा डावा डोळा

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आज माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी फळीवरच्या मातीच्या राखणदाराची धूळ झटकत होती. झटकता झटकता म्हणाली, "मावशी, याचा डावा डोळा उजव्यापेक्षा भारी जमलाय." मी तिच्यावर खेकसले, काम कर म्हणून. तिचं बिचारीचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या डोळ्यावरून तुमचं आणि माझं जे झालं ते सगळं वर आलं, आणि चहा समोर तसाच निवून गेला. म्हणून लिहायला बसले.

पेणच्या आपल्या कारखान्यात मी काय काय केलं नाही ते सांगा. शाडू भिजवला, साच्यांना तेल लावलं, आईच्या आणि शेजारच्या बायकांच्या रांगेत बसून पॉलिश पेपरने गणपतीची पोटं घासली. संध्याकाळी कोपरापर्यंत हात पांढरे व्हायचे आणि भाकरीलाही मातीची चव लागायची. पुढे अस्तर देणं माझ्याकडे आलं, मग पितांबराचा पिवळा, मग मुकुटाचा सोनेरी. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "सोनेरी आमच्या पोरीच्या हातचा हाय, बघून घ्या." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यांच्या आखणीची वेळ झाली की तुम्ही दाराशी उजेडात पाट टाकून बसायचात आणि मला म्हणायचात, "जा, चहा ठेव." डोळे तुम्ही आखायचे. नाहीतर तुमच्या हाताखालचा तो कारागीर आखायचा, ज्याला तुम्ही कुठून कुठून शोधून आणलं होतं आणि शेजारी बसवून शिकवलं होतं. मला चुलीजवळून दिसायचं ते फक्त तुमचं कोपर. ते जरासुद्धा हलायचं नाही.

एकदा मी सरळच विचारलं होतं. तुम्ही रागावला नव्हतात, तेच जास्त लागलं. पान लावता लावता म्हणालात, "पोरीला आखणी शिकवायची म्हणजे आपला कारखाना उचलून दुसऱ्याच्या पडवीत नेऊन ठेवायचा. डोळा हीच आपली ओळख हाय. माती काय, बाजारात मिळते." आईने पातेलं जरा जोरात आपटलं, एवढंच. तुमच्या लेखी मी लग्न होऊन जाणारा हात होते. कारागीर उद्या दुसऱ्या कारखान्यात जाईल, जास्त पगारावर जाईल, याची तुम्हाला भीती नव्हती. आणि तो गेलाच की, आप्पा. रंग फवारायचा कॉम्प्रेसर आला त्याच वर्षी गेला, तुमचा डोळा घेऊन. तेव्हाही तुम्ही मला हाक मारली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या किल्ल्यांचे मावळे विकून झाले आणि कारखाना रिकामा पडला, तेव्हा मी राखणदार करायला घेतला. तो आईचा. तिचं माहेर धरमतरच्या खाडीवर, मिठागरात राबणाऱ्यांचं. लहानपणी ती सांगायची, उधाणात बांध फुटला की माडाएवढा उंच राखणदार येतो आणि त्या फुटलेल्या खांडीत पाठ लावून उभा राहतो. ओहोटी लागेपर्यंत हलत नाही. त्याला देऊळ नाही, नैवेद्य नाही, कोणी त्याला पाहिलेलंही नाही. "मग तो दिसतो कसा गो आई?" मी विचारायचे. ती म्हणायची, "तुला हवा तसा दिसतो." एवढी मोकळीक मला त्या घरात दुसऱ्या कुणीच दिली नव्हती. मी तो दीड हात उंच केला. आत तार आणि काथ्या, वर शाडू. बाजारातून आणलेल्या चिंबोऱ्यांच्या पाठीची कवचं धुऊन ठेवली आणि ओल्या मातीवर दाबली, तसं छातीचं आणि खांद्यांचं चिलखत उठलं. हातात तलवार दिली नाही. मिठागरात मीठ ओढतात तो लांब दांडा दिला, पण त्याला भाल्याचं टोक काढलं. तुम्ही येता-जाता बघत होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलंत, "ह्यो कोण?" मी म्हटलं, राखणदार. "देव हाय?" नाही. "राक्षस?" नाही. "मग याला घेणार कोण?" कोणी नाही, मी म्हटलं. तुम्ही कपाळावर हात मारलात आणि बाहेर गेलात.

रंगवताना मी तुमचा एकही नियम पाळला नाही, आणि ते अजून आठवलं तरी अंगात बळ येतं. आपल्याकडे अंग म्हणजे गुलाबी. करवंट्यांतून उरलेला गुलाबी मी काळ्या-हिरव्याने पार मारून टाकला, चिखलाचा रंग येईपर्यंत. मग काळपट पाणी करून सगळ्या अंगावर सोडलं आणि वरचं वर चिंधीने टिपून घेतलं, म्हणजे ते चिलखताच्या खळग्यांतच राहिलं. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिक्या रंगात बुडवून, कागदावर झटकून, कडांवरून नुसता फिरवला. चिंबोरीच्या पाठीवरचा एकेक दाणा उठून आला. सोनेरी तर लावलाच नाही. भाल्याच्या टोकाला शिसपेन्सिलीची पूड चोळली आणि गंज म्हणून गेरूची बोटं लावली. शेजारच्या बायका काम नसताना बघायला यायच्या. एक म्हणाली, "भ्या वाटतं गो बघून, पण बघावासाही वाटतो." तुमच्या गणपतीला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

बैठकीत मात्र मी फसले. राखणदार उभा राहणार तो चिखलात, म्हणून मामाकडून खाडीकाठच्या खाजणातली खरी माती आणवली, पाटावर थापली, त्यात त्याचे पाय घोट्यापर्यंत रोवले आणि वर छान तपकिरी रंग दिला. थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि एके सकाळी बघते तर रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि खालून पांढरं काहीतरी फुटतंय, बुरशीसारखं. तुम्हाला आनंदच झाला. सगळ्यांना बोलावून दाखवलंत. "खाजणातली माती ती. तिच्यावर रंग टिकत नाय, हे पेणचं शेंबडं पोरसुद्धा सांगंल. विचारायचं होतंस कोणाला तरी." कोणाला विचारायचं होतं, आप्पा? तुम्हाला? तुम्ही चहा ठेवायला पाठवलं असतंत. मी सुरी घेतली आणि तिथल्या तिथे सगळा रंग खरवडून टाकला. खाली उघडी माती राहिली, भेगाळलेली, आणि भेगाभेगांतून पांढरं. आई आली, तिने बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि पोरीसारखी हसली. "मीठ हाय गो! आमचंच मीठ!" मग ती बराच वेळ तिथे उकिडवी बसून राहिली. तिचं माहेर तिच्यासमोर पाटावर आलं होतं. त्या मातीला मी पुन्हा कधी रंग लावला नाही. पावसाळ्यात ती पाझरते, हिवाळ्यात पुन्हा फुलते. तुमचं खरं होतं, तिच्यावर रंग टिकत नाही. पण तिला रंग लागतच नाही, हे तुम्हाला दिसलं नाही.

आणि डोळे. ते मी भर सकाळी आखले, तुमच्या दारातल्या जागेवर, तुमच्या पाटावर बसून. बायका कामाला आल्या होत्या, तुम्ही समोर उभे. "ऊठ," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "देवाचे डोळे तुमचे. हा देव नाही, तुम्हाला सांगितलंय. मग याचे डोळे माझे." माझं कोपर थरथरत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. उजवा झाला. डावाही झाला. तुम्ही वाकलात, बघितलंत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "डावा उतरलाय." मी म्हटलं, "उतरू दे."

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी रोह्याला आले. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, सासूचं सगळं घड्याळावर. नव्या नवरीने भांड्यांबरोबर असलं ध्यान घेऊन जायचं नाही, असं तुम्हीच ठरवलंत, म्हणून राखणदार कारखान्यातच राहिला. दिवाळसणाला आले तेव्हा आधी घरात न जाता त्याच्याकडे गेले. आणि उभी राहिले ती राहिलेच. डावा डोळा सरळ होता. वर घेतलेला. कोणाचा हात ते सांगायची गरज नव्हती. पेणमध्ये तशी रेघ एकच माणूस ओढायचा.

तुम्ही खाटेवर चहा पीत बसला होतात. मी विचारलं, "माझ्या डोळ्याला हात का लावलात?" तुम्ही बशीतून नजर वर केली नाहीत. "उतरला होता. वर घेतला." मी म्हटलं, "मला विचारलंत?" तुम्ही म्हणालात, "रोज समोर उभा असतो. वाकडा डोळा बघवत नाय मला." बस्स, एवढंच. इतकी वर्षं मला चुलीकडे धाडलंत, ज्या हाताने शिकवलं नाहीत त्याच हाताने, मी घरात नसताना, माझं पुसून तुमचं काढलंत. तुमच्या एकाही मूर्तीला मी न विचारता बोट लावलं नव्हतं. सणासुदीचा दिवस, जावई पहिल्यांदा घरी आलेला, आई डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होती, पण मी ओली चिंधी घेतली आणि तुमच्यादेखत तो डोळा पुसायला लागले. तुम्ही म्हणालात, "पूस. पूस." आणि तोंड फिरवून दाराकडे बघत बसलात.

जाताना मी त्याला घेऊन गेले. पेणहून रोह्याच्या गाडीत मांडीवर धरून, डाव्या डोळ्याच्या जागी पुसल्याचा डाग. कासूला एक बाई टोपली घेऊन चढली, समोर बसली आणि म्हणाली, "कुठला देव गो यो?" मी म्हटलं, देव नाही, राखणदार. ती म्हणाली, "मंग एका डोल्याचा कसा? रातचं कसं दिसंल त्याला?" मला एकदम रडू फुटलं, आणि ती परकी बाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, नागोठण्यापर्यंत. नवरा खिडकीबाहेर बघत होता. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ब्रश कुठला लागतो. म्हणजे ब्रश तुम्ही दिला नाहीत, त्याने आणला.

त्यानंतर तुम्ही फार जगला नाहीत. त्या डोळ्याचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत, मीही काढला नाही. कारखाना गेला, जागा गेली. आता रोह्यात माझ्या पडवीत पेणहून कच्च्या मूर्ती येतात आणि इथे रंगतात. रंगवणाऱ्या सगळ्या मुली आहेत, लग्नाच्या, लग्न झालेल्या, एक तर सासूला घेऊन येते. नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी घासायला बसवत नाही. पहिल्या दिवशी आखणी. दाराशी, उजेडात, माझ्या मांडीला मांडी लावून. हात दुसऱ्या घरी जातील, जाऊ देत. माझ्याकडे शिकलेल्या दोन मुली माणगावात आणि अलिबागेत डोळे आखतात आणि मला फोन करून सांगतात. तुमचं म्हणणं मी असं मोडून काढलं आहे, आप्पा, आणि मला त्याची जराही लाज नाही.

आता एवढं लिहिलंच आहे तर राहिलेलंही लिहिते. त्या दिवशी मी बुबुळ पुसलं, खालची पापणी पुसली, आणि चिंधी वरच्या रेघेपाशी थांबली. तुमचे डोळे मी शेकड्यांनी पाहिले होते, पण माझ्या उजव्या डोळ्याच्या शेजारी तुमची रेघ मी पहिल्यांदाच बघत होते. नाकाकडून जाड निघालेली, मध्यावर जराशी थांबलेली, आणि शेवटी ब्रश उचलून सोडून दिलेली. मी शेवटपर्यंत ब्रश दाबूनच ठेवत होते. माझं तेवढंच चुकत होतं. तुम्ही दाराकडे बघत होतात तेवढ्यात मी ती रेघ तशीच ठेवली आणि रोह्याला येऊन तिच्याखाली माझा डोळा काढला. त्यानंतर प्रत्येक डोळा मी तसाच आखला, मुलींना तसाच शिकवला. कोणी विचारलं की सांगते, माझं मीच शिकले. उद्या ती मुलगी आली की तिलाही तेच सांगणार आहे. खरं असं आहे की कारखाना उचलून दुसऱ्याच्या पडवीत तुम्हीच आणून ठेवलात. पण हे कळलं तर तुम्ही वर बसून मिशीत हसाल, म्हणून हे पत्र मी तुम्हाला पाठवत नाही.