बुधवारची कोळंबी

१२ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आधीच सांगून ठेवते, हे पत्र मी ठकीच्या धाकाने लिहितेय. समोरच बसलीय, हाताची घडी घालून. पोटची पोर आहे की फौजदार, कळत नाही. तिचं म्हणणं असं की मामा दिवसभर औषधांच्या दुकानात उभा असतो, तर त्याला विचार. घे, विचारते.

गेल्या बुधवारी कॅन्टीनमध्ये कोळंबीचं सूप होतं. नेहमीसारखी चव घेतली आणि दहा मिनिटांत ओठ असे सुजले की पाणी प्यायले ते हनुवटीवरून ओघळलं. मानेवर, पोटावर गांधी उठल्या. माझ्या हाताखाली एक मदतनीस आहे, तिला मी वादळ म्हणते, कारण ती आत येत नाही, घुसते. ती लगेच सगळ्यांसमोर म्हणाली की बाई, ही ॲलर्जी आहे. आता मला सांग, बावीस वर्षं मी या काचेच्या कारखान्यातल्या चारशे माणसांना जेवू घालतेय. कोळंबी तर दात आल्यापासून खातेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला माझ्यावर उलटायचं कारण काय? भांडी घासायचा साबण बदललाय, त्याचंच हे काम.

खाजेच्या चार गोळ्या धाडून दे, म्हणजे ठकी हाताची घडी सोडेल.

कळावे. लोभ भरपूर ठेव, उपदेश थोडा कर.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला होता. तू ‘दूध उतू जातंय’ म्हणून ठेवून दिलास. दुसऱ्यांदा केला तेव्हाही दूधच उतू जात होतं. तुझ्या घरी एवढं दूध येतं तरी कुठून? म्हणून लिहितोय. पत्र तरी मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान मला ऐकू येत नाही.

साबणाने ओठ सुजत नाहीत, ताई. तू साबण चाटत नाहीस. ॲलर्जी वय विचारून येत नाही. माझ्याकडे साठीचे एक मास्तर येतात, त्यांना गेल्या वर्षी अक्रोड चालेनासे झाले. तेही वर्षभर हवेला दोष देत बसले होते. तू डॉक्टरांकडे जा. तोवर कोळंबीला बोटसुद्धा लावू नकोस. दुसऱ्या वेळी नुसते ओठ सुजून भागेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

दहा गोळ्यांची एक पट्टी पाठवतोय. अंगावर उठलं तरच एक घ्यायची. गोळी खाऊन कोळंबी खायची नाही. हे एवढं स्पष्ट लिहितोय, कारण मी तुला ओळखतो.

बाकी ठीक. काळजी वाढवू नये, माया वाढवावी.

तुझा,
बारक्या


९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

झालं तुझं समाधान? गेले डॉक्टरकडे. म्हणजे ठकीने नेलं. डॉक्टरबाईंनी हातावर ओळीने थेंब टाकून टोचलं, प्रत्येक थेंबाखाली पेनाने आकडा लिहिला, आणि पंधरा मिनिटं हात हलवू नका म्हणाल्या. चार नंबरवर रुपयाएवढा फुगा आला. चार नंबर म्हणजे कोळंबी. बाईंचा चेहरा असा झाला की जणू बक्षीस मला लागलंय.

म्हणे जन्मभर कोळंबी नाही. खेकडाही नाही. वर आणखी विचारलं की शिजताना वाफ अंगावर येते का. मी म्हटलं, मी आचारीण आहे, माझ्या अंगावर वाफ नाही येणार तर काय अत्तर येणार? तर म्हणाल्या, वाफेपासूनही जपा. आता मी काय पातेल्याकडे पाठ करून रांधू? श्वास कोंडला तर मांडीत टोचायचं एक औषधाचं पेन दिलंय, ते कायम जवळ ठेवायचं. मी ते कॅन्टीनमधल्या कपाटात व्यवस्थित कुलूप लावून ठेवलंय. हरवायला नको.

कारखान्याच्या साहेबांना अजून काही बोलले नाही. बोलायचं काय? मुख्य आचारीण आहे पण चव घेऊ शकत नाही, असं? उद्या शिंपी म्हणेल, मला सुई चालत नाही. वादळवर सोडावं, तर तिच्या हाताला मिठाचा अंदाज म्हणून नाही. तू विचारशील म्हणून सांगते, माझी तब्येत उत्तम आहे. आता मी अगदी जपून असते.

बरं, त्या गोळ्यांच्या आणखी तीन पट्ट्या पाठव. हल्ली ठकीच्या अंगाला खाज येते. हवेचं असेल.

ताईवर जीव आहेच, तो असाच राहू दे. ती आता शहाणी झाली आहे.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा बुधवारी, आई कामावर गेल्यावर मिळालं. माझी खाज कशी आहे असं तू विचारलंस, ते वाचून मी आरशासमोर उभी राहून अंगभर बघितलं. मला खाज नाही, मामा. कधीच नव्हती. मग आईची पिशवी उघडली. गोळ्यांची एक पट्टी रिकामी, दुसरी फोडलेली. ती बुधवारी सकाळी दोन-दोन गोळ्या घेऊन चव घ्यायला जात होती.

पत्र तिच्या नाकासमोर धरायचं म्हणून मी वाचनालयातून लवकर घरी आले, तोच कॅन्टीनमधून फोन आला. आधीच सांगते, आई आता बरी आहे, घरी आहे, आणि माझ्याशी बोलत नाहीये.

झालं ते असं. तिने सूप चाखलं, पातेल्यावर वाकून ढवळलं, आणि मग कुणाला काही न बोलता कोठीत जाऊन कांद्याच्या पोत्यांवर बसली. वादळ कांदे आणायला गेली तर आईचा आवाज फुटेना, श्वासाची शिट्टी वाजत होती. ती नुसती कपाटाकडे बोट दाखवत राहिली. किल्ली तिच्या ॲप्रनच्या खिशात होती, पण ते कुणाला ठाऊक? वादळने बत्ता घेतला, दोन घावांत कुलूप तोडलं, पेनाच्या वेष्टणावरची चित्रं बघितली आणि ॲप्रनवरूनच मांडीत टोचलं. रुग्णवाहिका येईपर्यंत आईचा हात सोडला नाही. दवाखान्यात मला म्हणाली की टोचताना तिला वाटलं, चुकलं तर बाई जिवंत होऊन मला ओरडतील.

आईला एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. तू लिही. माझं ऐकायचं तिने कधीच सोडलंय.

काही काळजी करू नकोस असं लिहिणार होते. पण कर.

तुझी भाची,
ठकी


२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. लिहायची इच्छा नाही.

त्या गोळ्या मी पाठवल्या, ताई. माझ्या हाताने. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. त्या गोळीने खाज जाते, गांधी जातात. घसा आवळला जात असेल, तर तिला तो सोडवता येत नाही. उलट आधीची सूचना तेवढी पुसली जाते. हे मी दुकानात रोज लोकांना सांगतो आणि माझ्याच बहिणीला तीन पट्ट्या विचारणा न करता धाडतो. मला शंका आली होती. एवढ्या गोळ्या कशाला, असं मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर तू चिडली असतीस, महिनाभर लिहिलं नसतंस. भांडण नको म्हणून मी गप्प बसलो आणि पत्रात खाजेची साळसूद चौकशी केली. तुझ्याएवढाच मीही मूर्ख.

ठकीचं पत्र आलं तेव्हा दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. मला चिठ्ठीवरचं अक्षर लागेना. भरदुपारी दुकान बंद केलं आणि आत खोक्यांवर बसून राहिलो. आई-बाबांच्या मागे मला तूच आहेस, हे तुला वेगळं लिहून कळवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मिठासाठी मरायचं होतं का तुला? साहेबांना सांग. या आठवड्यात सांग. नाहीतर शनिवारी मी येतो आणि त्यांच्या टेबलासमोर उभा राहून मी सांगतो.

रागावलेला,
बारक्या


१५ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू तुझं वि. वि. आवरलंस, पण मी आशीर्वाद आवरणार नाही. येऊ नकोस. सांगितलं मी.

का लपवलं ते विचारतोस, तर ऐक. माझ्या आधी ज्या मुख्य आचारीण होत्या, त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना भांडाराच्या खिडकीत बसवलं. पोती मोजायला. त्यांच्या जागी मी आले. रोज चहा नेऊन द्यायचे त्यांना. पहिले काही दिवस त्या विचारायच्या, आज काय केलंस, फोडणी कशाची. मग विचारेनाशा झाल्या. कोठीत कांद्याच्या पोत्यांवर बसले होते ना, तेव्हा श्वास पुरत नव्हता, पण डोक्यात तीच खिडकी होती. मूर्ख तर मूर्ख. तू मात्र स्वतःला बोल लावू नकोस. खोटं मी लिहिलं, तू नाही.

साहेब मला भांडारात पाठवतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं की कोळंबी बंद करू का. चारशे माणसं आठवडाभर त्या सुपाची वाट बघतात, म्हणून मीच नको म्हटलं. ठरलं ते असं: कोळंबी वादळ करणार, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने, चवही तीच घेणार. बुधवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बाकीचे दिवस माझे. पेन आता कमरेच्या पिशवीत असतं. शपथेवर सांगते. ठकी रोज सकाळी चाचपून बघते.

काल पहिला बुधवार. साहेबांनी मला कचेरीत पुढच्या महिन्याचे बेत लिहायला बसवलं. अकरापर्यंत एक ओळ लिहून झाली, तीही खोडली. भोंगा झाल्यावर बाहेर अंगणातल्या बाकावर जाऊन बसले. भट्टीवरची माणसं तिथे मोकळ्या हवेत जेवतात. वादळ माझं ताट घेऊन आली. सकाळी कोळंबीला हात लावायच्या आधी माझं जेवण वेगळं करून झाकून ठेवलं होतं, आणि आता नीट गरम करून आणलं होतं. साधंच. भात, भाजी, वरण. समोर उभी राहिली, मी काय म्हणते ते बघत. मी मुद्दाम आधी चार घास खाल्ले. मीठ बरोबर होतं, बारक्या. अगदी बरोबर. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. इतकी वर्षं मी हिच्या हातातून मिठाचा डबा काढून घेत होते! तिला म्हटलं, भाजी थोडी जास्त शिजलीय. नव्हती शिजली. ती खूश होऊन गेली, कारण मी ओरडले म्हणजे मी बरी झाले असं तिला वाटलं.

शेजारी भट्टीवरचा एक म्हातारा कारागीर होता. त्याने विचारलं की बाई, एरवी तुम्ही कधी जेवता. मी म्हटलं, चव घेते की दिवसभर. तर म्हणाला, ते जेवण नव्हे. एरवी चारशे ताटं वाढून होईपर्यंत माझं अन्न गार होतं, आणि मी ते उभ्याने पोटात ढकलते. काल बसून खाल्लं. गरम गरम खाल्लं. मग तिथेच दहा मिनिटं उन्हात बसून राहिले, कुणी उठवलं नाही.

आता मेलं दर बुधवारी हे असंच बसून गरम जेवावं लागणार! डॉक्टरबाईंना काय जातंय सांगायला.

कळावे. राग उतरला की लिही, उतरला नाही तरी लिही.

तुझी,
ताई