ॲडलेडची सोयरीक

४ एप्रिल २०२५

त्रिरत्नांना वंदन. त्यांच्या करुणेने चित्त स्थिर राहो, आणि येथे जे लिहीन ते कुणावर अन्याय न करता लिहिले जावो.

विषय प्रांजलचा. ही आमची नात. आईवडील अकाली गेल्यावर माझ्या आणि शकुच्या हाताखाली वाढली; आता ॲडलेडच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. लॅकलन नावाच्या तिकडच्या मुलाशी लग्न करण्याचा तिचा विचार आहे. त्याला घेऊन पुढच्या आठवड्यात घाटकोपरला येते. फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण मग पुन्हा विचारणार नाही." शकु पदर डोळ्यांना लावून बसली. मी होही म्हणालो नाही, नाहीही.

११ एप्रिल

आले. विमानतळावर पाहुण्यासाठी टॅक्सीचे मागचे दार उघडून उभा राहिलो, तर तो जाऊन चालकाशेजारी बसला! मरोळच्या कोंडीत दोघांची क्रिकेटवरून चांगलीच जुंपली. प्रांजल सांगते, तिकडे जुन्या वळणाची माणसे पुढेच बसतात. मागे बसणे म्हणजे चालकाला नोकर लेखणे. हे मला आवडले.

घरात शिरताना त्याने शकुला "जयभीम" घातला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हाऊ आर यू, रतन?"

रतन. शकुसुद्धा मला या नावाने हाक मारत नाही. महाविद्यालयात पाली शिकवू लागलो तेव्हापासून मी 'सर' आहे. लातूरकडच्या आमच्या गावात वडिलांनी सत्तरी ओलांडली तरी शेंबडी पोरे त्यांना नुसत्या नावाने पुकारीत. नावाला मानाचा एक शब्द जोडला जावा यासाठी आमची एक अख्खी पिढी खपली. त्या मुलाला हे कोठून ठाऊक असणार? मनातून काढून टाकले. काढले असे वाटते.

१३ एप्रिल

मुलगा आपले ताट आपण घासतो. शकु प्रसन्न आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात गेलो. लॅकलनने आपणहून पाणी वाटले. एवढी माणसे कशासाठी लोटतात, असे त्याने विचारले. मी त्याला मताधिकाराविषयी सांगितले. त्यावर तो म्हणाला, तिकडे मत देणे सक्तीचे आहे, न दिल्यास दंड होतो. केंद्राबाहेर पावात सॉसेज घालून विकतात. येत्या तीन मेला निवडणूक आहे.

पुढारी कसे आहेत, असे मी विचारले. म्हणाला, सगळेच लबाड. त्यातल्या त्यात कमी लबाड निवडायचा, सॉसेज खायचे आणि घरी जायचे. पंतप्रधानांचे नावही अर्धे तोडून घेतो, आणि तसे घेण्यात त्याला काही गैर दिसत नाही.

आमच्या वस्तीत मतदानाला माणसे ठेवणीतले कपडे घालून जातात. त्याच्यासाठी तेच काम दळण आणण्यासारखे. अधिकार तोच. ज्याची पूजा करावी लागत नाही, तो अधिकार अधिक मुरलेला म्हणावा काय?

१६ एप्रिल

आज त्याच्या आईवडिलांशी व्हिडिओवर बोलणे झाले. वडिलांचे नाव डग. रीतीप्रमाणे मी मुलीचे गुण सांगितले. सुवर्णपदक, अभ्यास, बालपणी पालीतली अख्खी सुत्ते मुखोद्गत असणे, रुग्णालयात मिळालेला मान. मी पुष्कळ बोललो. मुलाची आई छताकडे पाहू लागली.

मग मी डग यांना विनंती केली, आता आपल्या चिरंजीवांविषयी सांगावे. ते म्हणाले, "लॅकी? निकामी पोरगा. इतकी वर्षं पोसला, अजून धड गाडी लावता येत नाही. तुम्ही ठेवून घ्या त्याला. परत पाठवू नका."

आई हसली. मुलगाही हसला. मी हसलो नाही.

पित्याचे हे बोलणे सत्य तरी असेल किंवा असत्य. सत्य असेल तर असा मुलगा प्रांजलला नको. असत्य असेल तर निरर्थक, खोटे म्हणजे मृषा आणि कठोर म्हणजे परुष असे वाचेचे तीन दोष त्या घरात एका दमात घडतात, आणि घर हसते. शिवाय तो 'निकामी' शब्द. गावचे पाटील चारचौघांत माझ्या वडिलांना हेच म्हणत असत.

१७ एप्रिल

नाही म्हणालो.

प्रांजलने शांतपणे समजावले. "आजोबा, तिकडे स्वतःच्या मुलाचं कौतुक करायला लाज वाटते ओ. ज्याच्यावर जीव असतो, त्यालाच नावं ठेवतात. डग चिडला ना, की मग एकदम अदबीने बोलतो." मी म्हणालो, सबब चांगली आहे. तिने पुन्हा विचारले नाही.

डग यांना मी स्वतः फोन करून, योग्य त्या विनयाने, नकार कळवला.

२० एप्रिल

दोघे गेले. दारात लॅकलन म्हणाला, "तू चुकतोयस, रतन." एवढेच. आवाजात राग नव्हता.

३ मे

तिकडे आज मतदान. प्रांजलचा फोन नाही.

१२ मे

वैशाख पौर्णिमा. विहारात सम्यक वाचेवर प्रवचन केले. उत्तम झाले, असे सर्वांनी सांगितले. शकु आली नव्हती.

१८ मे

खालच्या मजल्यावरचे धोंडिराम पेढे घेऊन आले. सावंतवाडीकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांचा सौरभ पोलिसात लागला. मुलगा शेजारी उभा असताना म्हणाले, "ह्या मेल्याक पोलिसात कोणी घेतल्यानी, सर? ह्येका धड बटाण लावूक येणा नाय!" बोलता बोलता बाहीने डोळे पुसत होते. सौरभ हसत होता. मीही हसलो आणि पेढा खाल्ला.

ते गेले, आणि हातातला दुसरा पेढा मी परत ठेवून दिला.

आई मुलाला शिव्याशाप देते तेव्हा तिचे चित्त मृदू असते, म्हणून ते परुष वचन नव्हे. हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. डग यांचे चित्त मी पाहिलेच नाही. शब्द तेवढे मोजले.

शकुला सांगितले. ती म्हणाली, "अहो, मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

१९ मे

प्रांजलला फोन केला. हो म्हणालो.

"आजोबा, मी थांबले. त्याला तसं सांगूनही टाकलं. तो आता पश्चिमेला खाणीवर असतो." मग म्हणाली, "डगशी बोलायचं तर बोला. मी नाही विचारणार आता."

संध्याकाळी शकु आणि मी नातीचे दोष जुळवत बसलो. एवढे कठीण काम मला पालीच्या कोणत्याही गाथेने दिले नव्हते. शेवटी शकु म्हणाली, "चहा अगदी पाण्यासारखा करते." मग आम्हा दोघांनाही हसू आले, पुष्कळ दिवसांनी.

२१ मे

डग यांना फोन केला. म्हणालो, आमची मुलगी हट्टी आहे, चहा पाण्यासारखा करते, तुमच्या निकाम्या मुलाला अगदी शोभेल. पलीकडे कोणी हसले नाही.

"मिस्टर सोनकांबळे, आपण फोन करण्याचे कष्ट घेतलेत, त्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे."

माझे आडनाव त्यांनी एकही अक्षर न चुकवता उच्चारले.

हे जो कोणी वाचील, त्याला मृदू चित्ताची माणसे लाभोत, आणि ती त्याला वेळेत ओळखू येवोत.