आईच्या हातची चटणी

प्रिय रुचू,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. तब्येती ठीक आहेत, माझीही आणि बाबांचीही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावून गाडीतच बसून लिहितेय. वर घरात हे लिहिणं जमलं नसतं.

आई गेल्यावर बाबांना मी इकडे गुरुग्रामला आणलं, तेव्हा ते कसे झाले होते ते तू पाहिलंसच. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळी नोकरी काढली, पण साधं पाणी घ्यायलाही कधी स्वयंपाकघरात गेले नाहीत. इथे तर दिवसभर बाल्कनीत, मांडीवर न उघडलेला पेपर. जूनमध्ये मी आलूबुखारे आणले. आई दर उन्हाळ्यात त्यांची तिखट चटणी करायची ना, म्हटलं करून बघू. साफ फसली. नुसती आंबट आणि वर मिरचीचा ठसका. बाबांनी बोटाने चाखली, उठले आणि म्हणाले, "सर बाजूला."

त्यांनी उरलेली फळं सालीसकट चिरली. गूळ किसला, आलं ठेचलं, काळं मीठ तळहातावर घेऊन अंदाजाने टाकलं. तेलात कलौंजी तडतडली तरी मागे सरले नाहीत. मला कौतुकच वाटलं. इतकी वर्षं दारातून बघत असतील बिचारे. मग लक्षात आलं, ते डाव्या हाताने ढवळत होते. डावखुरी आई होती गं, बाबा नाहीत. पातेलं उतरवताना तर त्यांचा हात कमरेकडे गेला, खोचलेला पदर सोडवावा तशी बोटं फिरली, आणि नसलेल्या पदराने त्यांनी ते उकळतं पातेलं धरून खाली ठेवलं. मी किंचाळले. नंतर त्यांचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. कुठेही भाजलं नव्हतं.

चव तीच होती. आई मला पाठवायची त्या बरणीतली शेजारची शिवांगीही खायची. तिला वाटीभर दिली, तर तिचे डोळे भरून आले. "बिल्कुल आंटीजीवाली," म्हणाली. पुढे एकदा लिफ्टमध्ये तिने विचारलं, "दीदी, आपके यहाँ कोई आया है क्या? किचन से किसी लेडीज की आवाज़ आती है." मी टीव्ही असेल म्हणून सांगितलं. आमचा टीव्ही बंदच असतो.

तुला वाटेल, डॉक्टरकडे का नाही नेलं? नेलं होतं. तिथे त्यांनी तारीख, पत्ता, पेन्शनचा नंबर, सगळं न अडखळता सांगितलं. दुःखात माणसं असं काहीबाही करतात, म्हणाले डॉक्टर, वेळ द्या. तेव्हा ते खरंही वाटलं. गॅस बंद झाला की बाबा परत बाबा व्हायचे. बोटांवरचे लाल डाग कसले, म्हणून मलाच विचारायचे.

मग एक दिवस फळं चिरता चिरता त्यांनी मला 'सुनू' म्हटलं. बाबांनी मला आयुष्यात 'सुनेत्रा'शिवाय हाक मारलेली नाही. आणि म्हणाले, "सुनू, त्या दिवशी दवाखान्याबाहेर तू माझा हातच सोडत नव्हतीस." तुला आज पहिल्यांदा सांगतेय. मी मुनिरक्याला खोली घेऊन राहायचे तेव्हाची माझी ती कावीळ, ती कावीळ नव्हती, मला दिवस गेले होते. आई एकटी माझ्याबरोबर आली होती आणि बाबांना कधी कळू देणार नाही म्हणून तिने शब्द दिला होता. तिने शेवटी शेवटी सांगितलंही असेल त्यांना. मी स्वतःला तसंच समजावलं. पण तिने तेव्हा माझा अंगठा कसा चोळला होता, तसाच त्यांनी चोळला, रुचू. मी ओट्यापाशी खाली बसून रडले आणि डोक्यावरून हात फिरत राहिला. मी मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर बाबा दिसले असते.

आता मोसम संपलाय. तरी आयएनए मार्केटमधून परदेशी आलूबुखारे येतात. ते मीच आणते. घरभर बरण्या झाल्यात. ऑफिसातून लवकर निघते, कारण ती वाट बघत असते. तिच्याशी सगळं बोलते, तुझ्याबद्दलसुद्धा. आणि हल्ली गॅस बंद झाला तरी ती जात नाही.

परवा तिने तीन पानं वाढली आणि दाराकडे बघत मला विचारलं, "अगं, हे अजून कसे नाही आले?" बाबा कुठे आहेत ते मला माहीत नाही, रुचू. रविवारी तू फोनवर "बाबा, बाबा" म्हणत राहिलीस आणि इकडून बराच वेळ कुणी बोललं नाही. रेंज गेली असेल म्हणालीस. रेंज होती. फोन त्यांच्या कानालाच होता. ज्याला तू हाक मारत होतीस, ते माणूस तिथे नव्हतं. म्हणून सांगते, मिळेल त्या गाडीने ये. तू बाबांची लाडकी. समोर उभी राहा, त्यांचा हात धर आणि हाक मार, ते ओ देईपर्यंत मार. मी मारून बघितली नाही. माझ्या तोंडून ती निघतच नाही, कारण बाबांनी ओ दिली की आई जाईल. मी आडवी आले तर माझं ऐकू नकोस.

तुझीच,
सुनेत्राताई