पिंजऱ्यातले हरभरे

शनि. ६ डिसें.
आज सकाळी आंघोळ करून मारुतीला तेल वाहिलं आणि वानरांसाठी दर शनिवारी भिजवतो ते हरभरे पारावर न टाकता पिंजऱ्यात टाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वानरं माझा हात ओळखतात, म्हणून प्रल्हादनं हे काम मला दिलं. त्याचं शेत माझ्या शेताला लागून. त्याची निम्मी तूर खाल्ली त्यांनी. माझीही खाल्ली, खोटं कशाला लिहू.
सगळ्यात आधी थुटी आत गेली. विजेच्या तारेनं तिचा उजवा हात गेलेला. माझ्याकडे बघत डाव्या हातानं वेचत बसली. तिच्यामागून आणखी अकरा. मग दार पडलं.
पिंजरेवाला म्हणाला, "काका, तुमच्यासारखा मानूस हरेक गावात पायजे."
गाडी पांढरकवड्याकडच्या जंगलात जाणार. अर्धी टोळी अजून चिंचेवर.

सोम. ८
तुरीत शांतता. पेपरात मागं वाचलं होतं, वानर पकडायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, नाहीतर गुन्हा. प्रल्हादला विचारलं. हसला.
"अर्ज देला असता तं तूर निंगून गेल्यावर कागद आला असता. अन् देवाले इचारलं ना आपन! नारळ पांढराशुभ्र निंगाला. मारुतीची परवानगी असल्यावर साहेबाची कायले पायजे?"
नारळ मीच फोडला होता. नासका निघाला असता तर दुसरा फोडला असता, हे दोघांनाही ठाऊक.

शनि. १३
हरभरे घेऊन पारावर गेलो. चिंचेवरची एकही उतरली नाही. तासभर बसलो. कावळ्यांनी खाल्ले. मारुतीकडे नीट पाहवलं नाही.

बुध. १७
ताराचा फोन. धाकटी बहीण, पांढरकवड्याकडं केळापूरजवळ दिलेली. बोलता बोलता म्हणाली, "दादा, आमच्या गावात कोन्या मुडद्यानं वांदरं आनून सोडले. जंगलात राहतच नाई, घरात घुसून राह्यले. एक थुटी तं दारात बसून हात पसरते. भांडं वाजोलं तरी हालत नाई. लोकं गोटे मारून राह्यले तिले."
"कोनता हात नाही?"
"उजवा. काहून?"
म्हटलं, असंच. मग तीच म्हणाली, आमच्या गावचे बी पिंजरा आनतेत, दारव्ह्याकडं सोडू म्हनतेत. म्हणजे इकडंच.
जंगलात सोडलं असं समजत होतो. जंगलात हरभरे कोण टाकणार? मागून खायला मीच शिकवलं.

शुक्र. १९
प्रल्हाद येऊन गेला. २७ ला पुन्हा पिंजरा, उरलेल्या टोळीसाठी. "हरभरे भिजू घालजो, भाऊ." म्हटलं, मी टाकणार नाही.
"नको टाकू. तुई बंडी अन् टोपी दे, मी घालून टाकतो."
दोघंही हसलो. माझं हसू अर्ध्यात गेलं. ताराचं सांगितलं. म्हणाला, "तिकडचं तिकडं. माह्या घरात खानारे सात. तूर नाई तं काय देऊ त्याईले, हरभरे?"


रवि. २१
कागद असता तर गुन्हा झाला नसता. पण थुटीला फसवलं, ते कोणत्या कागदानं सुटलं असतं? तरी कागद देणाऱ्यानं एवढं तरी विचारलं असतं, कुठं सोडता, तिथं कोण राहतं. आम्ही कोणीच नाही विचारलं. नारळालाही नाही.
वनविभागाला सांगून टाकावं म्हटलं, तर ही म्हणते, गावात राहायचं आहे आपल्याला.

मंगळ. २३
आधी ताराला फोन केला. "तो मुडदा मी." ती मग म्हणाली, "अन् आता?"
दारव्ह्याला गेलो. वनविभागाच्या ऑफिसात अर्ज दिला. ६ ला विनापरवानगी वानरं पकडली, आमिष मी टाकलं, कुठं सोडली तेही लिहिलं. २७ ला पुन्हा बेत आहे, थांबवावा. साहेब म्हणाले, बाकीची नावं? म्हटलं, हात माझा होता, नावही माझंच घ्या.
"काका, केस तुमच्यावरच होऊ शकते."
म्हटलं, ठाऊक आहे. पुढं काय होईल ते चौकशीनंतर, म्हणाले. निघताना तुरीच्या नुकसानभरपाईचा कोरा अर्ज मागून घेतला, प्रल्हादसाठी.
परत आलो तर प्रल्हाद पारावरच बसलेला. वर चिंचेवर टोळी. कोरा अर्ज आणि माझ्या अर्जाची पोच, दोन्ही त्याच्या हातात दिले.
त्यानं आधी पोच वाचायला घेतली.